पिन्नीला कोंबडी कोण घालतं?

१

रक्त आधी फरशीवर दिसलं, मग पिन्नीच्या पोटावर.

डिसेंबर संपत आला होता आणि बाहेर धुकं इतकं दाट की समोरच्या कोठीचं, म्हणजे बंगल्याचं, गेट दिसत नव्हतं. पिन्नी सोफ्यामागे बसून स्वतःचं पोट दातांनी कुरतडत होती. मी ओरडले तशी थांबली, ओशाळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. पंजे लाल, कान सुजलेले, पोटाची कातडी सोललेली. ऑगस्टमध्ये होती तशीच्या तशी.

आणि असं व्हायचं काहीएक कारण नव्हतं. मी, सुमेधा लाटकर, हे छातीठोकपणे सांगते, कारण तिच्या पोटात काय जातं याची जबाबदारी मी घेतली होती.

आमची चंदीगडला बदली झाली त्या पहिल्याच थंडीत ही गावठी कुत्री सेक्टर सतराच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली शिरली आणि आमचीच झाली. गोल आणि तपकिरी, इकडे थंडीत पिन्नी नावाचा लाडू करतात तशी, म्हणून पिन्नी. यंदा ऑगस्टमध्ये कळलं की हिला कोंबडी सोसत नाही. गव्हाने काही होत नाही, भाताने काही होत नाही, पण कोंबडी पोटात गेली की आठवड्याभरात अंग सोलून काढते. डॉक्टर हिमानीने औषधं दिली आणि कपाटातली कुत्र्यांच्या परदेशी खाण्याची एक बॅग दाखवली. किंमत ऐकून माझ्या नवऱ्याला, श्रीरामना, ठसकाच लागला.

मी म्हटलं, बघू. सांगलीला असताना मी मसाल्याच्या कारखान्यात हळदीतली भेसळ शोधायचे. नंतर यांची बदली झाली की माझी नोकरी सुटायची, पण डोळे काही सुटले नाहीत. चंदीगड, मोहाली, पंचकुला, एकही दुकान सोडलं नाही. प्रत्येक बॅग उलटी करून वाचली. पुढे उडी मारणारा मासा आणि हातभर अक्षरांत ‘फिश अँड राइस’, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत चिकन मील, म्हणजे कोंबडीचा भुगा, नाहीतर चिकन फॅट. दुकानदार कंटाळून चहा प्यायला जायचे, मी वाचत बसायचे. शेवटी मोहालीत नरेशच्या दुकानात सापडली एक साधी, इथेच बनणारी बॅग. मासा, तांदूळ, माशाचं तेल, बीट. कोंबडीचं नाव नाही आणि आम्हाला परवडेल असा भाव. सगळे हसले मला. दसऱ्यापर्यंत पिन्नीच्या पोटावर नवे केस आले, तेव्हा एकेकाला बोलावून दाखवले मी.

नोव्हेंबर अखेरीस जरा खाज उठली आणि शमली. आणि आता हे.

मी तिचं पोट पुसत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या ग्रेवाल आंटी, आमच्या घरमालकीण. त्यांनी माझ्या हातातला लाल कापूस पाहिला.

“इतवार को मेरी बहू आ रही है कनाडा से,” त्या म्हणाल्या. “गोद में बच्चा है. तब तक इस खुजलीवाली को कहीं भेज दो बेटा. नहीं तो घर देख लो.”

“आंटीजी, ये खुजली नहीं है, एलर्जी है. किसी को लगती नहीं. डॉक्टर से लिखवा के देती हूँ.”

“कागज तो कोई भी लिख देता है,” आंटी म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

बुधवार होता तो.

२

“कोई चिकन खिला रहा है इसे,” हिमानीने पिन्नीचा कान उलटा करून पाहत निकाल दिला. ही सिमल्याची मुलगी, तिशीची, स्पष्ट बोलणारी. “या तो घर में कोई, या आपका वो खाना. सस्ती फैक्टरी में मशीन धुलती नहीं सुमेधाजी, मिक्स हो जाता है.”

कपाटातली परदेशी बॅग तिने पुन्हा पुढे सरकवली. मी पुन्हा मागे सरकवली.

“खाना सस्ता है इसलिए गुनहगार है, ये मैं नहीं मानती,” मी म्हटलं. “पहले साबित कीजिए.”

“साबित आप कीजिए,” ती हसून म्हणाली. “मैं तो इलाज करती हूँ.”

परत येताना गाडी श्रीराम चालवत होते. हे एका सरकारी उपक्रमात इंजिनिअर. स्वभाव शांत, घरमालकाशी आवाज चढवणं यांच्या रक्तातच नाही. बदलीच्या नोकरीत घरमालक टिकवावे लागतात, असं यांचं म्हणणं. एअरोसिटीच्या वळणावर डोक्यावरून विमान घरघरत गेलं आणि त्यांनी विषय काढला.

“सुमे, आमच्या ऑफिसातल्या चौधरींचं इथे जवळच, खरड गावात, शेत आहे. थोडे दिवस तिथे ठेवू या का हिला?”

“थोडे दिवस म्हणून पाठवलेलं कुत्रं परत आलेलं बघितलंय का तुम्ही कधी?”

“पण घर सोडायचं का मग? क्षितिजाचं बारावीचं वर्ष आहे.”

“घरही सोडायचं नाही आणि पिन्नीही. रविवारपर्यंत मी शोधून काढते.”

मागच्या सीटवर पिन्नी माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुरफटून पंजा चाटत होती. मी मनातल्या मनात सुरुवातीपासून सगळं तपासायला घेतलं. आमच्या घरात ऑगस्टपासून कोंबडी शिजली नव्हती. रविवारी मटण, आणि त्याची हाडंसुद्धा मी मोजून उचलते. दिवाळीनंतर उंदराने बॅग कुरतडली, म्हणून खाणं जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं ठरलं. त्यात पूर्वी तिचं कोंबडीचं खाणं असायचं, म्हणून श्रीरामना मी बजावलं होतं की डबा साबणाने घासा, उन्हात वाळवा. त्यांनी घासला होता. गच्चीवर मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. डबा उपडा, आरशासारखा लखलखीत, शेजारी ताटलीने झाकलेली एक वाटी, आणि त्या सगळ्यावर पहारा देत बसलेली पिन्नी. डब्यावर संशय घ्यायला जागा नव्हती.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी श्रीरामना गाडी वळवायला लावली. नोव्हेंबरात खाज उठली त्याच आठवड्यात मी नवी बॅग आणली होती. आणि आत्ताही नवी बॅग परवाच आणली होती.

३

नरेशच्या दुकानात मी शिरले ती भांडायच्या तयारीनेच. सुटं खाणं बॅगांत भरून वरून शिलाई मारणारे दुकानदार मी पाहिलेत.

“मैडम, आप मुझ पे शक कर रही हो?” नरेश काउंटरमागून उठला. जाडजूड माणूस, पण चेहरा एकदम लहान मुलासारखा रडवेला झाला. “कंपनी की सील है. अभी खोलता हूँ, आपके सामने. पंजाब में मछली का खाना कौन खरीदता है जी? एक आप ही तो हो.”

“दोनों बार यही हुआ है, नरेशजी. पिछली बार भी जब मैं नई बोरी लेने आई थी, तब इसके कान लाल थे. आपने ही तो देखकर पूछा था...”

आणि मी बोलता बोलता थांबले.

नवी बॅग घ्यायला आले तेव्हाच कान लाल होते. म्हणजे ती उघडण्याच्या आधीच. परवा आणलेली बॅग तर अजून घरी शिवलेलीच पडली होती. खाज नव्या बॅगेने उठत नव्हतीच. जुनी संपत आली की उठत होती. आणि खाण्यातच कोंबडी मिसळलेली असती तर पहिल्या वाटीपासून त्रास झाला असता. तीन आठवडे मजेत आणि चौथ्यात रक्तबंबाळ, असं कसं होईल?

“सॉरी, नरेशजी,” मी म्हटलं. मला सॉरी म्हणायला जमत नाही, पण तेव्हा म्हटलं.

“कोई नहीं मैडम. पर सील तो देख ही लो.”

सील पाहिली. अस्सल होती. मी हलक्या मनाने घरी आले, कारण माझं स्वस्त खाणं सुटलं होतं. पण मग घालतं कोण? गाडी लावायला श्रीराम मागे गेले आणि मी पिन्नीला घेऊन पुढे निघाले. गेटात पट्टा काढला तशी ती जिन्याकडे धावत सुटली. मी वळणावर पोचले आणि जागीच उभी राहिले.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ग्रेवाल आंटी बसल्या होत्या. पिन्नी त्यांच्या हातातून काहीतरी खात होती.

४

“आंटीजी!”

आंटी दचकल्या. हातातला तुकडा ओढणीखाली गेला, पण पिन्नीचं नाकही त्याच्यामागे ओढणीत गेलं.

“क्या खिला रही हैं?”

“कुछ नहीं. रोटी है.”

“दिखाइए.”

घरमालकिणीला असं दरडावून विचारायचं माझं धाडस पाहून मलाच आश्चर्य वाटलं. आंटींनी मुकाट्याने हात पुढे केला. तूप लावलेली अर्धी पोळी होती. मी हुंगून पाहिली. तूप आणि गहू, बाकी काही नाही.

“चिकन का मसाला, शोरबा, कुछ नहीं लगाया?”

आता आंटी उसळल्या. “मेरे घर में? हम सत्संगी हैं बेटा! मेरी रसोई में अंडा नहीं आता, और तू चिकन पूछती है?”

ते खरं होतं. घर भाड्याने देतानाच त्यांनी बजावलं होतं की मांसमच्छी वर काय शिजवायची ती शिजवा, भांडं खाली आणायचं नाही.

“कब से खिला रही हैं?”

“जब से तुम लोग आए हो. रोज सुबह. पहली रोटी इसी की.” मग स्वतःच्याच बचावासाठी म्हणाल्या, “रोटी से कुछ होता तो दशहरे पर ये ऐसी चमकती थी?”

अगदी माझ्याच मनातलं बोलल्या. रोज मिळणारी पोळी महिन्याच्या शेवटीच कशी बाधेल? मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

“आंटीजी, जिसको खुजलीवाली कहती हैं, उसको हाथ से खिलाती हैं?”

“मुझे क्या होना है इस उमर में,” त्या पिन्नीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. “बच्चा छोटा है. बहू पढ़ी-लिखी है, एक नज़र देखेगी और होटल चली जाएगी. तीन साल बाद आ रहे हैं.” त्यांचा आवाज जरा ओला झाला आणि लगेच पुन्हा कोरडा. “इतवार मतलब इतवार.”

मला त्यांचा रागही आला आणि दयाही. वर आले तर क्षितिजाची खोली झाडणारी कामवाली बाई मला हाक मारत होती. पलंगाखालून तिने एक डबा ओढून काढला होता. तेलकट, पुठ्ठ्याचा. वर छापलं होतं, चिकन मोमो.

५

क्षितिजा क्लासहून आली तेव्हा तो डबा टेबलावर मधोमध ठेवलेला होता.

“हे काय आहे?”

“मोमोज,” ती म्हणाली. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते.

“पिन्नीला दिलेस?”

“मम्मा! पागल हूँ क्या मैं? उसके सामने दरवाज़ा बंद करके खाए. वो बाहर रोती रही, मैं अंदर रोती रही.”

“खरं सांग. रविवारी तिला घराबाहेर काढतायत.”

“सच बता रही हूँ.” तिचे डोळे भरले, पण हनुवटी वर. हट्ट माझाच घेतलाय तिने. “और नवंबर में? जब पहली बार हुआ था, मैं तो एनसीसी के कैंप में थी. वापस आई तब इसके कान में दवाई आप डाल रही थीं.”

मी आठवून पाहिलं. खरंच होतं. कॅम्पवरून आलेली ती धुळीने माखलेली पोरगी दारातच बसकण मारून पिन्नीच्या कानाशी बोलत होती. मी तिला जवळ घेतलं. तिने घेऊ दिलं, पण थोडंच.

“आप सबसे पूछ रही हो,” माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली. “दुकानवाले से, आंटी से, मुझसे. पापा से पूछा?”

६

पापांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पहाटे उठून पिन्नीला खायला घालणारे तेच, संध्याकाळी घालणारेही तेच. घरातले सगळे डबे भरायचं कामही पहिल्यापासून यांचंच. मला तांदूळ चाळायचा कंटाळा, यांना त्यात सुख.

“अहो, पिन्नीला तुम्ही काय घालता?”

श्रीरामनी चष्मा वर केला. “काय म्हणजे? डब्यातलंच.”

“त्यावर काही?”

“काही नाही. एक वाटी सकाळी, एक संध्याकाळी. तूच ठरवून दिलंयस ना?”

हा माणूस खोटं बोलत नाही. लग्नाआधी मुलगी बघायला आले होते तेव्हा पोहे खारट झालेत हे तोंडावर सांगणारा हा एकटाच. म्हणजे डब्यातलंच घातलं. मग महिनाअखेरीला डब्यात असं काय असतं, जे एरवी नसतं?

तळ.

मी उठले आणि डबा उचलून आणला. जेमतेम दोन-चार वाट्या खाणं उरलं होतं. कारखान्यात हळद पसरायचो तसा पांढरा कागद टेबलावर पसरला आणि त्यावर डबा पालथा केला. क्षितिजाने दिवा जवळ धरला. फिकट, चपटे दाणे. माशाचे. आणि त्यांच्यात मिसळलेले काही गोल, काळपट दाणे, आणि बराचसा तांबूस चुरा. मी एक गोल दाणा फोडून नाकाशी नेला. मग पिन्नीचं जुनं खाणं मला ओळखायला फार वेळ लागला नाही.

“पण डबा तर तुम्ही घासला होता. मी गच्चीवर पाहिला.”

“घासला होता की,” श्रीराम म्हणाले, पण आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“शेजारी ती झाकलेली वाटी कसली होती?”

श्रीराम कागदावरचे गोल दाणे बोटाने वेगळे करू लागले.  आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा आठवला. तो घासायचा झाला की हे आधी त्यातले मूठभर तांदूळ वाटीत काढून ठेवतात, डबा वाळला की ते तळाला घालतात, आणि वर नवे ओततात. डाळीचं तसंच, पिठाचं तसंच. बदली झाली की सामानाच्या ट्रकात सगळ्यात शेवटी तांदळाचा डबा चढतो, तळाशी मूठभर जुने तांदूळ ठेवून. इतक्या वर्षांत मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

“तुम्ही कोंबडीच्या खाण्याची मूठ परत तळाला घातलीत.”

“मूठभरच होती गं,” ते म्हणाले. “डबा संपत आला तरी तळ उघडा पडू देत नाही मी. थोडं ठेवतो, वर नवं ओततो. एवढ्याशाने काय होईल असं वाटलं. खरं तर वाटलंसुद्धा नाही, हातानेच केलं.” ते खाली बसले. पिन्नी उठून त्यांच्या पायाशी गेली. “आमच्या आईने वडिलांच्या पगारात चौघांना वाढवलं. महिनाअखेरीला काय असायचं घरात, तिलाच ठाऊक. पण डब्याचा तळ आम्हा पोरांना तिने कधी दिसू दिला नाही. घरातल्या माणसाचा डबा रिता ठेवायचा नाही, एवढंच शिकलो. हिचाही डबाच ना तो? हिला मी घरातलीच धरली.”

मला रागवायचं होतं. चांगली दोन दिवस साठवलेली चीड होती माझ्याकडे. पण ते पिन्नीचा सोललेला पंजा हातात घेऊन बसले होते आणि रडत होते, आणि मला त्या माणसाची फार माया आली.

सगळं जुळत होतं. वरवरचं खाणं माशाचं, म्हणून तीन आठवडे कुत्री ठणठणीत. वाटी तळाला लागली की कोंबडी पोटात. नवं ओतलं की पुन्हा आराम. दुसऱ्या वेळी अधिक भडकलं, कारण मागच्या महिन्याभरात गोल दाण्यांचा चुरा होऊन तो तळाशी साचला होता.

हिमानीला मी त्या दाण्यांचे फोटो पाठवले. तिचा फोन आला. “मान गई, सुमेधाजी. सस्ता वाला ही चालू रखिए. बोरी से सीधा.”

पण ग्रेवाल आंटी फोटोंनी ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या.

७

रविवारी धुकं उशिरा उठलं. खाली विमानतळावरून आलेली टॅक्सी लागली होती, बॅगा उतरत होत्या, पंजाबीत रडणं-हसणं चाललं होतं. पिन्नीची खाज अजून होती, पण रक्त थांबलं होतं.

“मागच्या जिन्याने ने तिला,” श्रीराम म्हणतील अशी माझी खात्री होती. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी पायांत चपला सरकवल्या, पिन्नीचा पट्टा माझ्या हातून घेतला आणि पुढच्या जिन्याने खाली उतरायला लागले. मी आणि क्षितिजा मागोमाग धावलो.

अंगणात सगळे थांबले. सूनबाईंनी बाळाला खांद्यावर घट्ट धरलं. आंटींचा चेहरा लाल झाला.

“सुमेधा, मैंने कहा था...”

“आंटीजी,” श्रीराम म्हणाले. एरवी घरमालकासमोर ज्याचा आवाज फुटत नाही त्या माणसाचा आवाज समोरच्या कोठीपर्यंत गेला. “पिन्नी कहीं नहीं जाएगी. इसको कोई बीमारी नहीं है. इसके डिब्बे में पुराना खाना मैंने छोड़ा, मूठ भर, जैसे हमारी माँ चावल में छोड़ती थी. गलती मेरी है. घर से निकालना है तो मुझे निकालिए.”

त्यांच्या हिंदीला शाळेत एकाही वर्षी कुणी पास केलं नसतं. पण आंटी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“आटे के पीपे में मुट्ठी हम भी छोड़ते हैं,” त्या हळूच म्हणाल्या. “बरकत के लिए.” मग डोळे बारीक केले. “बस इतनी सी बात से हुआ?”

“हाँ जी.”

“और ये लगती नहीं किसी को?”

आता मी पुढे झाले. पिन्नीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या सोललेल्या कानावर माझा गाल टेकवला, सगळ्यांसमोर. “देखिए. अगस्त से रोज यही करती हूँ.”

सूनबाई हसली. ती टोरांटोत नर्स होती हे आम्हाला मागाहून कळलं. “मम्मीजी, फूड एलर्जी ही है ये. आप इतनी-सी बात पे इनको घर से निकाल रही थीं?”

आंटींनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा पिन्नीकडे, आणि शेवटी पट्टा धरून ताठ उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे.

“कुत्ती तां रह लऊ,” त्या म्हणाल्या. “तैनूं कढ दित्ता तां तैनूं कौण रक्खूगा?”

कुत्री तर राहील इथे, पण तुला काढलं तर तुला कोण ठेवून घेईल? सगळं अंगण हसलं, श्रीराम सोडून. त्यांना पंजाबी अजून येत नाही, आणि ते पट्टा घट्ट धरून उत्तराची वाट पाहत उभेच होते.